वरचा आणि खालचा

भिलाईत ज्या माणसाशी माझं सगळ्यात आधी रोजचं काम पडलं, त्यानं मला नावानं कधी हाक मारली नाही. तो मला खालचा म्हणायचा. "ए खालच्या, झोपून राह्यला का बे?" हे कानावर पडलं की समजायचं, पाळी सुरू झाली.

तसं कारण साधं होतं. तो टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये वर बसायचा आणि मी खाली उभा असायचो. साठ सालानंतरचे ते दिवस. पहिल्या भट्ट्या पेटल्या होत्या, रशियनांच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याच्या विस्ताराचं काम निघालं होतं आणि लाल मातीत जिकडे पाहावं तिकडे लोखंडी खांब उभे राहत होते. खांब उचलायचा क्रेननं. पण केबिनमध्ये बसलेल्याला खालचं सगळं दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी खाली एक माणूस लागतो. ओझं नीट बांधलं का, खाली कोणी आलं का, कधी उचलायचं, कधी थांबायचं, हे तो इशाऱ्यानं सांगतो. तो माणूस मी. एका हातात लाल झेंडी, दुसऱ्यात हिरवी, गळ्यात शिट्टी आणि डोक्याला गमछा.

क्रेनवाल्याला सगळे उस्ताद म्हणायचे. तो तुमसरकडचा, धानाची शेती असलेल्या घरातला, मँगनीजच्या खाणीवर यंत्रं चालवायला शिकलेला. मीही वैनगंगेकाठचाच. पंजाबी, तेलुगू, बंगाली, रशियन, अशा सगळ्या गलबल्यात आपली बोली बोलणारा माणूस भेटला म्हणून पहिल्या दिवशी मी भारी खूश झालो. तो आनंद दुपारच्या जेवणापर्यंत टिकला.

राग म्हणजे उस्तादाच्या नाकावर कायमचा बसायला आलेला पाहुणा. झेंडी जरा ढिली पडली की तो ओझं अर्ध्यात लटकवून ठेवायचा आणि निवांत तंबाखू मळायला घ्यायचा. खाली सगळी गँग माना वर करून उभी. मग पुढे वाकून तो माझा उद्धार करायचा, आणि तोही साधा नाही. कोणा वेल्डरकडून त्यानं पत्र्याचा भोंगा करून घेतला होता. बोलायचं असलं की तो तोंडाला लावायचा, ऐकायचं असलं की कानाला. त्यामुळे मला बसलेली प्रत्येक शिवी अख्ख्या साइटला वाटून मिळायची. माझ्या आधीचे सिग्नलवाले एकेक करून पळाले होते. एक तर म्हणे दुर्गच्या गाडीत बसला तो थेट गावीच उतरला. एक गोष्ट मात्र उस्तादाच्या बाजूनं सांगायला हवी. तंबाखू थुंकायला त्यानं वर डबडं ठेवलं होतं. खाली कधी थुंकला नाही.

शिव्यांचं मला फारसं काही वाटायचं नाही. माझीही जीभ काही देवळात ठेवलेली नव्हती, फक्त माझ्याकडे भोंगा नव्हता. मला बोचायचा तो 'खालचा' हा शब्द.

आता यात बोचण्यासारखं काय, असं पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटेल. आमच्या गावाला उतार होता. वरच्या अंगाला शेतकऱ्यांची घरं आणि विहीर, उताराच्या तळाशी आम्ही. 'खालचे' म्हटलं की जात वेगळी सांगावी लागत नसे. "खालच्या, लाकडं फोडून दे." "खालच्यांचं कोणी आलं वाटतं, दूर उभं राहा म्हणावं." आमच्या घरानं दीक्षा घेतली, आम्ही बौद्ध झालो, मी गाव सोडून भिलाईला आलो, ते हा शब्द मागे टाकायला. आणि इथं तोच शब्द दिवसभर आभाळातून, तोही भोंग्यातून.

त्यात त्याचं पाणी मी भरायचो. उस्ताद जेवायला खाली उतरत नसे. दुपारी तो वरून दोरी सोडायचा, मी कडीचा डबा नळावर भरून दोरीला बांधायचो आणि तो वर ओढून घ्यायचा. डबा वर जाताना पाहिला की माझ्या मनात हमखास यायचं, याला माझं आडनाव कळलं तर हा डबा भरलेलाच परत येईल. आडनाव विचारणं म्हणजे काय विचारणं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

मला तेव्हा एकच गोष्ट हवी होती. मला वर जायचं होतं. आणखी एक क्रेन येणार अशी बोलवा होती, आणि तिच्यासाठी नवा चालवणारा जुन्या उस्तादांच्या हाताखाली तयार करायचा होता. कोणाला शिकवायचं हे उस्ताद सांगेल तसं. पाळी सुटली की बाकीचे सायकलींकडे धावायचे आणि मी त्या शिडीखाली रेंगाळायचो. शिडी सरळ आभाळात गेलेली. आमच्या घरातलं कोणी झाडापेक्षा उंच चढलेलं नव्हतं, आणि झाडावरही लोकांचे आंबे उतरवायलाच.

भिलाईजवळ चरोद्याला एका रेल्वेवाल्याच्या क्वार्टरमागे आम्हा नवरा-बायकोची एक खोली होती. मी घरी येऊन उस्तादाच्या नावानं बोटं मोडायचो आणि बायको भात वाढता वाढता ऐकायची. एकदा तिनं विचारलं, "तो तुमाले खालचा म्हन्ते. तुमी त्याले काय म्हन्ता?"

"उस्ताद म्हन्तो. आनखी काय म्हनू?"

"एखांद्या दिवशी तुमी बी त्याले खालचा म्हना. मंग पाहा कसं लागते त."

"तो वर बसते ना पन! खालचा कसा म्हनू त्याले?"

"मंग उतरवा ना खाली," असं म्हणून ती चुलीवरची भाजी आणायला उठली. तिचं सगळं असंच असायचं. सल्ला सोपा, करणाऱ्याची पंचाईत.

तसा उस्ताद कामात पक्का होता, हे शत्रूलाही मान्य करावं लागलं असतं. आमच्याकडे उचलण्या-सोडण्याचे शब्द रशियन साहेबांकडून आले होते. वीरा म्हणजे उचल, मैना म्हणजे खाली सोड. साहेब हात खाली करत पहिल्यांदा "मैना, मैना" ओरडला तेव्हा मी खरंच वळून पक्षी शोधला होता. पण खरा घोटाळा केला वीरानं. पंजाबी लोक भावाला वीरा म्हणतात, आणि साइटवर पंजाबी वेल्डर भरपूर. माझ्या येण्याआधी एकदा असं झालं, की एका वेल्डरनं लांबून दोस्ताला "ओए वीरा!" अशी जोरात हाक घातली. उस्तादानं वीरा ऐकलं आणि वीरा केलं. खांब अजून एकाच बाजूनं बांधला होता. तो तिरका उठला, माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. कोणाला लागलं नाही हे नशीब. तेव्हापासून उस्तादानं कानाला खडा लावला. खाली जो झेंडी धरून उभा आहे, त्याचंच ऐकायचं. बाकी कोणी कितीही मोठा असो.

हे मी स्वतः पाहिलं. एक नवा रशियन साहेब माझ्या शेजारी येऊन स्वतःच "मैना! मैना!" ओरडायला लागला. माझी लाल झेंडी वर होती, कारण एक फिटर अजून खांबाच्या खाली होता आणि साहेबाला तो दिसत नव्हता. ओझं जागचं हललं नाही. भोंग्यातून आवाज आला, "खालचा सांगन तवाच!" दुभाष्यानं त्याचं काय केलं कोण जाणे, पण साहेब हसला, माझ्याकडे बोट दाखवून मान डोलावली आणि बाजूला झाला. त्या दिवशी तो शब्द मला पहिल्यांदा बोचला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोचायला लागला.

मग नवी क्रेन खरंच आली. लाकडी खोक्यांमधून तिचे भाग उतरले तशी माझी झोप उडाली. एक दिवस आमचा फोरमन क्रेनखाली आला आणि वर पाहून हिंदीत ओरडला, "उस्ताद, किसको सिखाओगे? नीचेवाले को दे दूँ?"

मी झेंड्या घट्ट धरल्या. उस्तादानं भोंगा कानावरून काढून तोंडाला लावला.

"खालचा खालीच ठीक हाये!"

साइट हसली. हसणाऱ्यांत निम्म्यांना मराठी येत नव्हतं, पण एवढं मराठी सगळ्यांना कळलं. फोरमन खांदे उडवून निघून गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी झेंड्या जमिनीत रोवल्या आणि शिडीला हात घातला. वर जायची परवानगी कोणालाच नव्हती. मी रागातच निम्मी शिडी चढलो आणि उरलेली निम्मी भीतीनं, कारण मध्यावर खाली पाहायची चूक केली होती.

केबिन म्हणजे तापलेला पत्र्याचा डबा. दोघं जेमतेम मावलो. उस्ताद जवळून पाहिला तर माझ्या वाटण्यापेक्षा बारीक निघाला. भोंग्यानं तो मला मोठा करून दाखवला होता.

"कावून आला बे वर?"

"मले खालचा म्हनू नका."

"मंग काय म्हनू? तू खाली रायतं. तुह्यं नाव घेऊन हाका मारल्या त चार जन वर पाह्यतीन. या साइटवर एका नावाचे दहा हायेत. खालचा एकच."

"आमच्या गावात खालचा कोनाले म्हन्तेत, ठाऊक हाये तुमाले." मी एका दमात आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, आम्ही बौद्ध आहोत तेही सांगितलं.

उस्तादानं माझ्याकडे पाहिलं. "म्या इचारलं का?"

खरंच, त्यानं कधी विचारलं नव्हतं. हजेरीबाबूनं विचारलं होतं, खोलीमालकानं विचारलं होतं, नळावरच्या बायकांनी माझ्या बायकोला विचारलं होतं. "पूरं नाव काय म्हनलं?" असं गोड बोलून, ताकाला जाऊन भांडं लपवत विचारलं होतं. रोज माझ्या हातचं पाणी पिणाऱ्या या एका माणसानं तेवढं विचारलं नव्हतं.

"गावात म्या बी म्हनलं असन," तो म्हणाला. "नाई म्हनलं असं कसं सांगू? सारेच म्हनत. पन इथं म्या कामाचं म्हन्तो."

"आन मले शिकवाचं कावून नाई?"

"तू वर आला त खाली कोन राहीन? सारे पयाले. एक तूच हाये का मी डोये मिटून त्याच्या झेंडीवर ओझं उचलतो. चांगला हाये म्हनून त म्हनलं, खालीच राहू दे."

ही माझी स्तुती होती. तोपर्यंत कोणी माझी एवढी स्तुती केली नव्हती. पण ती ऐकून मी आणखीच पेटलो.

"उस्ताद," मी म्हणालो, "गावात बी असंच म्हनत. कामाचा हाये, त तिथंच राहू द्या त्याले. माह्या बापाले आयुष्यभर हेच सांगतलं."

उस्तादाच्या हातातली तंबाखू मळायची राहिली. मी उतरलो. मन एकदम हलकं झालं होतं. आता नोकरी जाते की राहते, एवढंच पाहायचं बाकी होतं.

दुपारी नेहमीसारखी वरून दोरी आली. मी नळावर गेलो, डबा भरला, बांधला. डबा वर गेला. सगळी गँग सावलीला जेवायला बसली होती, मी एकटा उन्हात मान वर करून उभा. उस्ताद केबिनच्या दारात आला. त्यानं झाकण काढलं, डबा तोंडाला लावला आणि एका दमात पीत राहिला. मग दोरी खाली आली. डबा रिकामा होता. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा थोडा रागही आला. दुसऱ्यानं आपल्या हातचं पाणी प्यावं यात बरं वाटून घेण्यासारखं काय आहे? पण वाटलं, ते वाटलं.

त्यानंतरचे दिवस मोठे मजेचे गेले. उस्तादानं 'खालचा' म्हणणं बंद केलं, पण त्या जागी दुसरा शब्द त्याला सापडेना. "ए भाऊ" म्हणून पाहिलं, तर सगळी गँगच भाऊ निघाली. "ए झेंडीवाल्या" म्हणून पाहिलं, तर पलीकडचा रुळावरचा झेंडीवाला वळून पाहायला लागला. "ए गमछा" म्हणाला, तेव्हा तर निम्म्या भिलाईनं वर पाहिलं. शेवटी एक दिवस जड खांब अर्ध्यावर असताना भोंग्यातून नुसतं "ए... ए... अरे ए..." असं यायला लागलं, जसं काही एखादं वासरू हरवलंय. मला हसू आवरेना. मी हातांचा भोंगा करून ओरडलो, "म्हना ना खालचा! कामापुरता म्हना!"

"कामापुरता म्हनू?"

"कामापुरता!"

"ए खालच्या, बाजूले हो त मंग, खांब येऊन राह्यला!" तो असा सुटल्यासारखा ओरडला, की मीही सुटल्यासारखा बाजूला झालो. कामापुरता मामा असतो, तसा मी कामापुरता खालचा झालो. पाळी सुटल्यावर उस्ताद शिडीवरून उतरला आणि पहिल्यांदाच माझ्याबरोबर सायकल हातात धरून गेटपर्यंत चालत आला.

आणि मग एक दिवस फोरमन स्वतःच माझ्याकडे आला. उस्ताद त्याला जाऊन भेटला होता म्हणे. याला वर घ्या, असं सांगून आला होता. फोरमननं विचारलं, मग खाली कोण? त्यावर उस्ताद म्हणाला, की मी आधी याला केबिनमध्ये बसवून शिकवतो, आणि हा एकटा चालवायला लागला की पहिले काही दिवस खाली मीच उभा राहीन. दुसऱ्या कोणाच्या झेंडीवर याला सोडणार नाही.

केबिनमधले ते शिकायचे दिवस म्हणजे काही सुखाचे नव्हते. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, तसा भोंग्यापेक्षा उघडा आवाज जरा मऊ, एवढंच. माझा हात चुकला की तो कोपरानं ढोसायचा. रेतीची पोती उचलायची, अलगद ठेवायची, पुन्हा उचलायची. "अंड्यावर ठेवून राह्यलो असं समज," तो म्हणायचा. मी मधूनमधून खाली पाहायचो. खालून आयुष्यभर जे उंच वाटत होतं, ते वरून पाहिलं तर नुसतं छप्पर होतं.

मग माझी एकट्यानं क्रेन चालवायची पहिली पाळी आली. मी वर, उस्ताद खाली. त्यानं माझ्या झेंड्या घेतल्या, माझी शिट्टी गळ्यात घातली आणि जाताना पत्र्याचा भोंगा मला देऊन गेला. सकाळभर मला जी काळजी वाटली, ती माझ्या हाताची नव्हती, त्याच्या इशाऱ्यांची होती. इतकी वाईट झेंडी मी आजवर पाहिलेली नाही. धानावरची पाखरं हाकलल्यासारखे त्याचे हात चालत होते. कुठली उचल, कुठली थांब, काही कळेना. दोनदा मी ओझं अर्ध्यात लटकवून ठेवलं. भोंगा हाताशी होता आणि तोंडात त्याच्याच सगळ्या शिव्या तयार होत्या, पण मी गिळल्या.

दुपार झाली. मी दोरी सोडली. उस्ताद डबा घेऊन नळावर गेला. वरून मी सगळं पाहत होतो. त्यानं आधी डबा विसळला, मग काठोकाठ भरला, झाकण लावलं, दोरीला बांधला आणि ओढून पाहिला. आमच्या गावाकडे त्याच्या घरातल्या माणसानं माझ्या घरातल्या माणसासाठी पाणी भरल्याचं मी ऐकलेलं नाही. मग त्यानं तोंडाशी हात धरले.

"ओ वरचे! पानी घ्या!"

'ए' नाही, 'ओ' म्हणाला. 'वरच्या' नाही, 'वरचे'. चेष्टा होती, पण अहोजाहोतली होती.

मला बायकोचं बोलणं आठवलं. मी भोंगा उचलला. गावात असलं काही आमच्यातलं कोणी बोललं असतं, तर वरच्या अंगाची माणसं काठ्या घेऊन उताराला आली असती. तरी जीभ थांबली नाही.

"हाव, खालचे! ओढतो!"

भोंग्यानं ते सगळीकडे पोचवलं. जेवायला बसलेल्यांचे हात थांबले. उस्तादानं डोळ्यांवर हाताची सावली धरून वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि मला कळलं, की तो हसतोय. हसता हसता खाली बसला, पुन्हा उठला आणि डोळे पुसत त्यानं हिरवी झेंडी वर केली. एवढी एकच झेंडी त्यानं त्या दिवशी नीट दाखवली.

"वीरा!" तो ओरडला.

मी डबा वर ओढून घेतला, तोंडाला लावला आणि सगळं पाणी प्यालो.